घराचा भाव कसा वाचावा?

कांदा विकायला आपण बाजार समितीत जातो. तिथे लिलाव होतो. भाव सगळ्यांच्या देखत पुकारला जातो. हातात पट्टी मिळते. पट्टीवर वजन असते, भाव असतो, हमाली-तोलाई कापलेली असते. आज कांदा काय भावाने गेला, हे संध्याकाळपर्यंत गावातल्या पोराबाळांनासुद्धा ठाऊक होते.

घराचे तसे नाही. एका आळीत एक घर विकले जाते, मग दोन-दोन वर्षे दुसरे विकले जात नाही. आणि विकले गेले ते किती रुपयांना? घेणारा एक सांगतो, देणारा दुसरे सांगतो, पारावर तिसराच आकडा निघतो. "घरांचे भाव वाढले बरं का!" असे सगळे म्हणतात. किती वाढले? कधीपासून? कुठल्या घरांचे? असे विचारले की बोलणे थांबते.

तुम्हाला आता अक्षरे वाचता येतात. एसटीची पाटी वाचता येते, सातबारा वाचता येतो. भावसुद्धा असाच वाचता येतो. त्याला थोडे गणित लागते. पण भागाकारापलीकडचे त्यात फारसे काही नाही.

समजा, माण तालुक्यात एका गावी आबा आणि आक्का राहतात. रस्त्याकडेला त्यांचे दोन एकर रान आहे. त्यात विहीर आहे. बाकीचा माळ. थोरला मुलगा चाकणला कारखान्यात कामाला आहे. सूनबाईही काम करते. आठ वर्षे दोघे भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. दिवाळीला मुलगा गावी आला. जेवण झाल्यावर त्याने विषय काढला.

"आबा, एक फ्लॅट बघितलाय. ३६ लाख म्हणतात."

"३६ लाख!"

"गेल्या वर्षी हाच ३२ ला होता म्हणे. पुढच्या वर्षी ४० होईल. आज नाही घेतला तर परत कधी घेता यायचा नाही, असं तो बिल्डरचा माणूस म्हणतो."

आबा गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे विहिरीचं रान काढायचं म्हणतोस?"

मुलगा खाली बघू लागला.

दुसऱ्या दिवशी दलाल ओसरीवर हजर. बातमी त्याला कुणी दिली, देव जाणे. "आबा, विकायचं तर आत्ताच विका," तो म्हणाला. "मंदी येणार आहे. पुढच्या वर्षी या भावाने कुणी विचारायचं नाही." आबांना ते पटू लागले. पण आतून आक्का ऐकत होत्या. दलाल गेल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, हाच मनुष्य गेल्या आठवड्यात मास्तरांना प्लॉट दाखवत होता. त्यांना काय म्हणाला? लवकर घ्या, भाव दुप्पट होणार. एकाच तोंडात दोन भाव कसे?"

आक्का रात्रीच्या वर्गाला जातात. त्या दिवशी त्यांनी मुलाजवळची बिल्डरची जाहिरात घडी करून पिशवीत घातली आणि वर्गातल्या बाईंना नेऊन दाखवली. बाईंनी तोच धडा केला. त्या रात्री फळ्यावर बाराखडी नव्हती. फळ्यावर घर होते.

फूट कुठला?

बाईंनी आधी विचारले, "आक्का, हे घर किती फुटांचं?"

जाहिरातीवर लिहिले होते ६८० फूट. खाली बारीक अक्षरांत आणखी एक आकडा होता. चटई क्षेत्र ४८० चौरस फूट.

चटई क्षेत्र म्हणजे काय? नावातच आहे. घराच्या आत भिंतीपासून भिंतीपर्यंत जेवढ्या जागेवर चटई अंथरता येईल, तेवढी जागा. यालाच लोक कारपेट म्हणतात. मग ६८० कुठून आले? बाहेरच्या भिंतींची जाडी, जिना, लिफ्ट, खालचा रस्ता, बाग, या सगळ्यांचा वाटा त्यात मिळवला. जिन्यात काही आपण झोपत नाही. पण त्याचे फूट मोजले की दर कमी दिसतो.

बाईंनी भागाकार करून दाखवला. ३६ लाख भागिले ६८०. दर आला ५,२९४ रुपये फूट. ३६ लाख भागिले ४८०. दर आला ७,५०० रुपये फूट. घर तेच, पैसे तेच. माप बदलले.

मुलाने शेजारच्या जुन्या इमारतीतलेही एक घर पाहिले होते. ते ३३ लाख ६० हजारांना होते, आणि सांगायला ५७५ फूट. दर पडतो ५,८४३. मुलाला ते महाग वाटले, म्हणून त्याने सोडून दिले. पण त्याचेही चटई क्षेत्र ४८० च होते. आता भागा. ७,००० रुपये फूट. म्हणजे जे महाग म्हणून सोडले तेच स्वस्त होते.

घरबांधणीवर देखरेख ठेवणारा रेरा कायदा १ मे २०१७ पासून पुरता लागू झाला. महाराष्ट्रात त्याचे काम महारेरा पाहते. बिल्डरने घर चटई क्षेत्रावरच विकावे, असे हा कायदा सांगतो. करारावर ते लिहावे लागते. पण तोंडाने बोलताना जुने माप अजून चालतेच. आपल्याकडे जमिनीतही हेच होते. कुणी एकराने बोलतो, कुणी गुंठ्याने, कुणी फुटाने. म्हणून हे पाठ असू द्या: ४० गुंठ्यांचा एक एकर, आणि १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. कागदावर चौरस मीटर असतील तर त्याला १०.७६ ने गुणा, म्हणजे चौरस फूट होतील.

दोन घरांचे भाव ताडायचे असतील, किंवा एकाच घराचे कालचे नि आजचे भाव ताडायचे असतील, तर माप एकच पाहिजे. शेराचा भाव किलोच्या भावाशी कुणी ताडून बघत नाही.

सांगितलेला भाव आणि झालेला भाव

३६ लाख हा भाव नव्हे. ही मागणी आहे. बैलबाजारात विकणारा ८० हजार म्हणतो आणि रुमालाखाली सौदा ६५ ला तुटतो. उद्या आपण बैल घ्यायला गेलो तर ८० धरून चालू की ६५?

घराचा झालेला भाव कुठे सापडतो? दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. खरेदीखत किंवा करारनामा नोंदवला की त्याचा गोषवारा एका कागदावर निघतो. त्याला सूची क्रमांक दोन म्हणतात. वकील लोक इंडेक्स टू म्हणतात. त्या कागदावर मोबदला किती ठरला ते असते. क्षेत्रफळ असते. तारीख असते. मुद्रांक शुल्क किती भरले ते असते. हे कागद गुप्त नाहीत. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक घातला की शोधता येतात. गावातला शिकलेला कोणताही मुलगा मोबाइलवर काढून देईल.

त्याच कागदावर मोबदल्याखाली "बाजारभाव" असा आणखी एक आकडा असतो. तो पाहून फसू नका. तो सरकारी तक्त्यातला दर आहे. लोक त्याला रेडी रेकनर म्हणतात. मुद्रांक शुल्क निदान किती घ्यायचे, हे ठरवायला सरकार तो तक्ता काढते. खऱ्या बाजारात भाव महिन्यामहिन्याला हलतो, हा तक्ता वर्षातून फार तर एकदा हलतो. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी सरकारने तो वाढवलाच नाही. १ एप्रिल २०२५ ला वाढवला. म्हणून मधल्या दोन वर्षांत भाव गोठून बसले होते असे नव्हे. आणि २०२५ च्या त्या एका रात्रीत सगळी घरे महाग झाली असेही नव्हे.

एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. सगळे लोक सगळे पैसे कागदावर दाखवत नाहीत. काही रक्कम हातावर दिली जाते. मोबदल्याचा आकडा सरकारी दराशी अगदी तंतोतंत जुळलेला दिसला, तर जरा थबकावे. शेतजमिनीत आणि जुन्या घरांत हे जास्त चालते. बँकेचे कर्ज काढून घेतलेल्या घरात कमी, कारण बँक कागद बघून पैसे देते. म्हणून एका कागदावर विसंबू नये. चार-पाच काढावेत.

आक्कांच्या मुलाने त्याच इमारतीचे, त्याच वर्षातले पाच कागद काढले. घरे सारखीच होती, ४८० फुटांची. तीन घरे ३२ लाख ४० हजारांना गेली होती. एक ३३ लाखांना. एक ३३ लाख १२ हजारांना. ३६ लाखांना एकही गेले नव्हते.

सरासरीची गंमत

आपल्या गावातले एक उदाहरण घेऊ. एका वर्षी पाच घरे विकली गेली. ३ लाख, ४ लाख, ४ लाख, ४ लाख, ५ लाख. बेरीज २० लाख. पाचने भागा. सरासरी ४ लाख.

दुसऱ्या वर्षीही पाच विकली गेली. ३ लाख, ४ लाख, ४ लाख, ४ लाख, आणि रस्त्याकडचा एक स्लॅबचा बंगला ३० लाखांना. बेरीज ४५ लाख. सरासरी ९ लाख. झाले! पारावर बातमी पसरली, "गावात घरांचे भाव दुपटीच्या वर गेले."

कुठे गेले? मातीच्या घराचा भाव एका पैशाने वाढला नाही. एक मोठे घर मध्ये येऊन बसले, एवढेच. अशा वेळी घरे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडावीत आणि मधले बघावे. मधले घर दोन्ही वर्षी ४ लाखांचेच आहे. वर्तमानपत्रात "शहरात घरांची सरासरी किंमत वाढली" असे छापून येते, तेव्हाही हेच मनात आणावे. घरे महाग झाली, की यंदा मोठी घरे जास्त विकली गेली? दोन्ही गोष्टींनी सरासरी वर जाते.

सगळ्यात खरी ताडून पाहण्याची रीत म्हणजे तेच घर पुन्हा विकले गेलेले शोधणे. आधी कितीला गेले, नंतर कितीला गेले. घर तेच, फूट तेच. मग फरक पडतो तो भावाचाच.

रुपयाही बदलतो

वर्गात एक म्हातारबाबा होते. ते म्हणाले, "बाई, माझ्या भावानं पुण्यात २०१३ साली ३० लाखांना घर घेतलं. २०२३ ला ४० ला विकलं. दहा लाख सुटले की!"

बाईंनी विचारले, "बाबा, २०१३ साली सोनं काय तोळा होतं?"

सुमारे ३० हजार होते. २०२३ साली सुमारे ६० हजार झाले. आता मोजा. २०१३ साली त्या घराच्या पैशांत १०० तोळे सोने आले असते. २०२३ साली विकून आलेल्या पैशांत आले ६६ तोळे. रुपये वाढले आणि तोळे घटले. आता सोने काही देवाच्या घरची वीट नव्हे, तेही खाली-वर होते. म्हणून दुसरे मापही लावून बघू. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर २०१३ चे ३० लाख म्हणजे २०२३ चे जवळजवळ ४९ लाख. बाबांच्या भावाला मिळाले ४०. घरात दहा वर्षे राहायला मिळाले, भाडे वाचले, ते खरे. पण दहा लाख सुटले, हे खरे नव्हे.

इथे एक सोपी युक्ती आहे. एखादी गोष्ट वर्षाला किती टक्के वाढते ते बघा आणि ७२ ला त्या आकड्याने भागा. जेवढे उत्तर, साधारण तेवढ्या वर्षांत ती गोष्ट दुप्पट होते. ६ टक्के असेल तर ७२ भागिले ६, म्हणजे १२ वर्षे. आता कुणी म्हणाले, "चार वर्षांत घर दुप्पट होणार", तर ७२ भागिले ४ करा. वर्षाला १८ टक्के! गिऱ्हाइकाचा पगार वर्षाला १८ टक्क्यांनी वाढतो का? वाढत नसेल तर ते दुप्पट किमतीचे घर घेणार कोण?

व्याजाचा हात

घराचा भाव पुष्कळदा घरामुळे वाढत नाही, व्याजामुळे वाढतो. शहरात बहुतेक लोक कर्जाने घर घेतात. दर महिन्याला हप्ता किती झेपेल, हे बघून घेतात. समजा, एका घरकर्त्याला महिना २० हजारांचा हप्ता झेपतो. मुदत २० वर्षांची. व्याज ७ टक्के असेल तर त्याला २५ लाख ८० हजार कर्ज मिळते. तेच व्याज ९ टक्के झाले तर २२ लाख २३ हजारच मिळते. पगार तोच, हप्ता तोच, पण साडेतीन लाखांचा फरक पडला. व्याज उतरले की सगळ्यांच्याच हातात असे जास्त पैसे येतात, आणि सगळे त्याच घरांमागे धावतात. मग भाव चढतो. व्याज चढले की धावणे मंदावते.

रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला रेपो दर म्हणतात. मे २०२० मध्ये तो ४ टक्क्यांवर आणला होता. मे २०२२ पासून तो वाढवत नेला, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. फेब्रुवारी २०२५ पासून पुन्हा उतरवू लागले. जूनमध्ये तो साडेपाच होता. घरकर्जाचे व्याज या दराच्या मागोमाग हलते. २०२० साली घेतलेला स्वस्त हप्ता पुढे वाढला, किंवा हप्ता तोच राहून वर्षे वाढली, असा अनुभव पुष्कळांना आला.

करानेही असेच होते. करोनाच्या वर्षी घरे विकली जात नव्हती. तेव्हा महाराष्ट्र सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्कात ३ टक्के सूट दिली. पुढे मार्च २०२१ अखेरपर्यंत २ टक्के दिली. डिसेंबर सरता सरता नोंदणी कचेऱ्यांपुढे ही गर्दी! त्या महिन्याचे आकडे पाहून कुणी म्हणेल, घरांना केवढी तेजी आली. तेजी सुटीच्या बाजाराची होती. (१ एप्रिल २०२१ पासून राहते घर बाईच्या नावावर घेतले तर शुल्कात १ टक्का सूट मिळते. आक्कांनी हे वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.)

भाव पडतो तेव्हा लपतो

"घराचा भाव कधी पडत नाही," असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. मुंबईत १९९४-९५ च्या सुमारास भाव आभाळाला भिडले होते. १९९६ पासून ते उतरले आणि पुढची सहा-सात वर्षे वर आले नाहीत. जपानमध्ये १९९१ नंतर जमिनीचे भाव दहा वर्षांहून जास्त काळ उतरतच राहिले. अमेरिकेत २००६ नंतर घरांचे भाव चौथाईहून जास्त उतरले. कर्ज काढलेले लाखो लोक घराबाहेर पडले.

मग आपल्याला पडलेला भाव दिसत का नाही? कारण कांदा नासतो, घर नासत नाही. कांदेवाल्याला आजच विकावे लागते. घरवाला थांबतो. भाव कमी करण्यापेक्षा कुलूप लावून ठेवतो. बिल्डर तर पाटीवरचा आकडा खाली आणतच नाही, कारण आधी घेतलेले लोक भांडायला येतील. तो म्हणतो, "३६ च्या खाली एक रुपया नाही. पण स्वयंपाकघराचं फर्निचर फुकट. मुद्रांक शुल्क आम्ही भरू. वर टीव्ही." या सगळ्याचे दोन-अडीच लाख होतात. पाटी ३६ ची आणि भाव साडेतेहतीसचा.

मुंबईला ज्यांचे नातेवाईक गिरणीत होते त्यांना ही लपाछपी ठाऊक आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या खोल्यांची भाडी गोठवली. साधारण १ सप्टेंबर १९४० ला जे भाडे होते तेच धरायचे. भाडेकरूला दिलासा मिळाला. पण खोल्या कमी नि माणसे जास्त. मग चढलेला भाव गेला कुठे? तो पागडीत गेला. भाड्याची पावती थोड्या रुपयांची आणि खोली हातात घ्यायला आधी मोजायची पागडी हजारोंची, पुढे लाखोंची. १९९९ च्या नव्या कायद्याने पागडीला मान्यता दिली, तोवर ती चोरूनच चालत होती. पावती बघून कुणी म्हणाला असता, मुंबईत घरे फुकटात मिळतात!

लपलेला भाव शोधायचा कसा? घरे किती दिवस विकायची पडून आहेत ते बघावे. नव्या इमारतीतली किती घरे गेली, हे बिल्डरला दर तीन महिन्यांनी महारेराच्या संकेतस्थळावर लिहावे लागते. आणि ज्याला ते जमत नाही त्याने संध्याकाळी सातला इमारतीसमोर उभे राहून दिवे मोजावेत. बाईंनी हे सांगितले तेव्हा वर्ग हसला. पण आक्कांनी मुलाला फोन करून मोजायला लावले. इमारत बांधून दोन वर्षे झाली होती. घरे ५६. दिवे १९.

राहिली दलालाची गोष्ट. रस्ता येणार, कारखाना येणार, धरणाचे पाणी येणार, म्हणून भाव चढतात. येतात तेव्हा खरेच चढतात. पण "येणार" आणि "आले" यांत किती वर्षे जातात? नवी मुंबईच्या विमानतळाला केंद्र सरकारने २००७ साली तत्त्वतः मान्यता दिली. उद्घाटन झाले ८ ऑक्टोबर २०२५ ला. मध्ये १८ वर्षे गेली. विमानतळ आला, यात शंका नाही. पण "दोन वर्षांत विमान उडेल" असे ऐकून पनवेलकडे ज्यांनी कर्जाने जागा घेतल्या, त्यांनी व्याज भरताना किती दिवाळ्या मोजल्या असतील! आलेली गोष्ट सरकारी कागदावर, भूसंपादनाच्या नोटिशीत दिसते. येणारी गोष्ट फक्त दलालाच्या तोंडात दिसते.

आक्का घरी आल्या. कंदिलाचे दिवस गेले, आता घरात बल्ब आहे. त्याच्या उजेडात त्यांनी आबांपुढे वही उघडली.

"हे बघा. मागणी ३६. कागदावर गेली ती ३२ लाख ४० हजाराला. ५६ घरांत १९ दिवे. म्हणजे गरज बिल्डरला आहे, आपल्या पोराला नाही. तो आणखी खाली येईल."

"आणि नाही आला तर?"

"शेजारच्या जुन्या इमारतीतलं आहे की. तोही ३३ लाख ६० हजार मागतो, पण मागणीच ती."

मुलाने फोनवर सगळे जुळवून सांगितले. शिल्लक ६ लाख. भविष्य निर्वाह निधीतून ३ लाख निघतात. २२ लाख कर्ज काढले तर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षे महिना १९ हजार ९२ रुपये हप्ता. आता भाडे ९ हजार जाते. दोघांचा पगार ४८ हजार आहे. "ओढाताण होईल, पण जमेल," तो म्हणाला. ३१ लाखांपर्यंत उडी जाते. शुल्काचे आणि नोंदणीचे दोन लाख वर लागतात. ते यंदाच्या कांद्यातून आणि आक्कांच्या बचत गटाच्या कर्जातून उभे करायचे ठरले. घर सुनेच्या नावावर.

आबांनी विचारले, "२२ लाखांचे २० वर्षांत एकूण किती जातील?"

आक्कांनी १९,०९२ ला २४० ने गुणले. वेळ लागला. उत्तर आले ४५ लाख ८२ हजार ८०. आबांनी तो आकडा दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "त्याला सांग, दिवाळीचा बोनस आला की कर्जात भरत जा."

रविवारी मुलाने बिल्डरच्या माणसाला ३१ लाख सांगितले आणि पाच कागद पुढे ठेवले. तो माणूस हसला नाही. त्याने कागद चाळले आणि म्हणाला, "साहेबांना विचारून सांगतो."

चार दिवस झाले, निरोप नाही. पाचव्या दिवशी दलाल पुन्हा ओसरीवर आला. म्हणाला, "आबा, गिऱ्हाईक निघून जाईल. आजच्या आज इसार घेऊन ठेवा."

आबा तंबाखू मळत म्हणाले, "जाऊ दे की. आमची विहीर कुठं पळून चाललीय?"